मोटारींची बखर

माझ्या घरी जुन्या मोटारशर्यतींवरील पुस्तकांचे एक कपाट आहे आणि त्या कपाटातील पुस्तकांचे एकमेकांशी मुळीच पटत नाही. वरच्या फळीवरील ग्रंथ ज्या गृहस्थाला विजयी ठरवतो, त्याला मधल्या फळीवरील ग्रंथ बिनदिक्कत दुसऱ्या क्रमांकावर ढकलतो. आणि अगदी खाली, जेथे वजनाच्या भयाने जाड ग्रंथ ठेवावे लागतात, तेथील तळटीपांनी ओथंबलेला एक ग्रंथ ती शर्यत मुळी त्या नियमांखाली झालीच नव्हती असे सांगून त्या दोघांचीही बोळवण करतो. घरच्या मंडळींना हे कपाट अडगळीत मोडते असे वाटते. मला ते एखाद्या वाड्यासारखे वाटते: भाऊबंदकी आहे, पण घराणे खानदानी आहे.

मी स्वतः मोटार चालवीत नाही. तरुणपणी ती विद्या मला शिकवण्याचा एक प्रयत्न झाला होता, परंतु तो सातारा रस्त्यावरील एका म्हशीच्या प्रसंगावधानामुळे पहिल्याच दिवशी आटोपला, आणि तेव्हापासून माझा व मोटारीचा संबंध छापील मजकुरापुरताच राहिला. याचा मला खेद नाही. पानिपतावर अधिकारवाणीने लिहिणाऱ्यांपैकी कोणी हाती भाला धरलेला नसतो. त्याचप्रमाणे ताझिओ नुवोलारीने कोणत्या वळणावर कोणता गिअर टाकला याविषयी निकराने भांडण्यासही वाहनपरवान्याची जरुरी नाही, असे माझे अनुभवान्ती मत झालेले आहे.

बखरीचे आणि दफ्तराचे वैर आपल्याकडे जुने आहे. बखरकार ऐकीव गोष्टी मनात मुरवून, धन्याला रुचतील अशा बेताने लिहितो. त्याच्या लेखी सैन्य लाखाच्या खाली उतरत नाही आणि कोणताही वीर दोन बाणेदार शब्द उच्चारल्यावाचून प्राण सोडीत नाही. दफ्तरातला कारकून बिचारा घोड्यांच्या चंदीचा हिशेब लिहून ठेवतो, आणि पुढे दीडदोनशे वर्षांनी कोणी चिकित्सक तो हिशेब उलगडून पाहतो तेव्हा असे निष्पन्न होते की चंदी जर एवढीच खर्ची पडली असेल, तर लाखातली पाऊण लाख घोडी शाईवरच वाढलेली असली पाहिजेत. इतिहासकार राजवाड्यांनी बखरींना आरोपीच्या पिंजऱ्यात उभे करून अस्सल कागदांसाठी गावोगाव पायपीट केली, १९१० साली पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ निघाले, आणि तेव्हापासून निदान शहाण्या माणसांत तरी बखर पुराव्यादाखल पुढे करताना आवाज थोडा खाली आणण्याची रीत पडली. मोटारशर्यतींच्या प्रांतात हीच लढाई अद्याप ऐन रंगात आहे. फरक एवढाच, की तिकडे बखरी गुळगुळीत कागदावर रंगीत चित्रांसह निघतात, आणि राजवाड्यांच्या तिकडील वंशजांना तळटीपेच्या बारीक टाइपात भाड्याने राहावे लागते.

या प्रांतातला मुख्य बखरकार म्हणजे आल्फ्रेड नॉयबाउअर. १९२२ सालच्या टार्गा फ्लोरिओ शर्यतीत त्याने स्वतः गाडी हाकली होती. परंतु आपल्याहून वेगवान माणसे या भूतलावर विपुल आहेत, ही गोष्ट त्याने वेळीच ओळखली, पुढे मर्सिडीजच्या शर्यत विभागाचे व्यवस्थापकपद पत्करले, आणि विस्तीर्ण देह, डोक्यावर हॅट, गळ्यात स्टॉपवॉच व गर्दीपलीकडे ऐकू जाणारा आवाज एवढ्या सामग्रीवर त्याने युद्धापूर्वीची व युद्धानंतरची अशी दोन राज्ये केली. राज्य संपल्यावर राजे आणि व्यवस्थापक जे करतात तेच त्यानेही केले. १९५८ साली त्याच्या आठवणी जर्मन भाषेत प्रसिद्ध झाल्या. पुस्तकाच्या नावाचा अर्थ ‘पुरुष, स्त्रिया आणि इंजिने’ असा आहे. म्हणजे सत्यासाठी मुखपृष्ठावर जागा राखलेली नाही, ही सूचना त्याने वाचकाला प्रामाणिकपणे आरंभीच दिलेली आहे.

या पुस्तकातली जी कथा जगभर गेली, ती अशी. १९३४ साली ग्रां प्री शर्यतींसाठी नवा नियम अंमलात आला: चालक, इंधन, तेल, पाणी आणि टायर वजा जाता गाडीचे वजन ७५० किलोहून अधिक भरता कामा नये. जून महिन्याच्या ३ तारखेस न्यूरबुर्गरिंग येथे आयफेलची शर्यत व्हायची होती. आदल्या दिवशी मर्सिडीजची नवी गाडी काट्यावर चढवली आणि काटा ७५१ वर जाऊन थांबला. एक किलो जास्त! यंत्रातला कोणताही भाग काढून चालण्यासारखा नव्हता. व्यवस्थापक हवालदिल, चालक हताश, कारागीर मूढ. त्या काळी देशोदेशींचे रंग ठरलेले असत, इटलीचा लाल, फ्रान्सचा निळा, इंग्लंडचा हिरवा, आणि जर्मनीचा पांढरा. तेव्हा गाडी पांढरीशुभ्र होती. जर्मन भाषेत ‘रंग चढवलेला’ या अर्थाचा जो शब्द आहे, तोच ‘फसवला गेलेला’ या अर्थानेही योजतात. आपण पुरते रंगवले गेलो, असा उद्गार त्या खिन्न मंडळींतून निघाला मात्र, आणि व्यवस्थापकांच्या डोक्यात प्रकाश पडला. हा श्लेष परक्या वाचकाला टीप देऊन समजवावा लागतो. मराठी माणसाला टीप नको, कारण आपल्याकडे फसवताना चुनाच लावतात, आणि तोही पांढराच असतो. असो. कारागिरांनी रात्रभर जागून गाडीला लागलेला चुना खरवडला. सकाळी उघड्या ॲल्युमिनियमची चकाकणारी गाडी पुन्हा काट्यावर चढली. काटा ७५० वर जाऊन अदबीने उभा राहिला. मान्फ्रेड फॉन ब्राउखिच याने ती शर्यत जिंकली. आणि मर्सिडीजच्या गाड्यांना ‘रुपेरी बाण’ हे नाव पडले ते कायमचे.

इतकी सुबक कथा हाती आल्यावर ती न वापरण्याइतका मी विरक्त नाही. काही वर्षांपूर्वी एका दिवाळी अंकात मी ती पदरची चार विशेषणे घालून सांगितली, आणि कारागिरांच्या कपाळावरील घामाचे थेंब कंदिलाच्या उजेडात मोत्यांसारखे चमकत होते, असेही लिहून मोकळा झालो. कंदील माझा. नॉयबाउअरच्या डोक्यावर हे पाप नको.

भाऊबीजेनंतर चौथ्या दिवशी मिरजेहून एक पोस्टकार्ड आले. अक्षर टाकाने लिहिल्यासारखे ठसठशीत, समास सोडलेला, आणि मजकूर असा:

‘सा. न. वि. वि. आपला लेख वाचला. भाषा उत्तम. खालील मुद्द्यांचा खुलासा व्हावा. (१) काटा कोणत्या जातीचा होता व त्याची तपासणी केव्हा झाली होती? (२) ७५१ हा आकडा त्याच दिवशी कोणी लिहून ठेवला आहे काय? असल्यास कोठे? (३) रंग खरवडल्यावर फेरवजन झाल्याची नोंद आहे काय? (४) कंदील कशास? वीज नव्हती काय? कळावे, लोभ असावा.’

हे गृहस्थ नगरपालिकेच्या जकात नाक्यावरून निवृत्त झालेले होते, ही माहिती मला मागाहून कळली. आधी कळती तर मी कंदील निश्चित गाळला असता. ज्या मनुष्याने उमेदीची वर्षे भुईकाट्याशेजारी खुर्ची टाकून घालवली, आणि गुळाच्या ढेपांखाली काय काय दडवता येते हे ज्याला ज्ञात आहे, त्याच्यापुढे काटा एका किलोने चुकला आणि मग एका किलोने सुधारला अशी कथा ठेवणे, म्हणजे हलवायाच्या दुकानी शिळी बर्फी विकावयास नेण्यासारखे आहे.

प्रथम मला राग आला, आणि रागाच्या भरात मी जे काम एरवी आळसाने केले नसते ते केले: खालच्या फळीवरील जाड ग्रंथ उघडले. त्यांतून जे हाती आले ते माझ्या कंदिलाला प्रतिकूल होते. त्या सप्ताहातल्या वर्तमानपत्रांतून व नियतकालिकांतून संशोधकांना या खरवडीचा मागमूस लागलेला नाही; रात्रभर चाललेल्या, पाचपंचवीस माणसांना ठाऊक असलेल्या, आणि दुसऱ्या दिवशी विजयाने पावन झालेल्या या पराक्रमाची बातमी एकाही बातमीदाराच्या कानी जाऊ नये, ही गोष्ट बातमीदारांच्या जातीला शोभत नाही. आयफेलच्या त्या शर्यतीला वजनाचा नियम लागू होता की नव्हता, इथूनच वादाला तोंड फुटते. मर्सिडीजची प्रतिस्पर्धी ऑटो युनियन, तिच्या गाड्याही रुपेरीच होत्या, आणि त्यांचा रंग कोणी रात्री जागून खरवडला होता असे त्यांच्याकडचा बखरकारसुद्धा म्हणत नाही.

आणि सर्वांत वाईट बातमी पुढेच आहे. याच ब्राउखिचने दोन वर्षे आधी, १९३२ च्या मे महिन्यात, बर्लिनच्या आफूस मार्गावर मर्सिडीजच्याच एका गाडीला वारा कापणारे गुळगुळीत आवरण चढवून शर्यत जिंकली होती, आणि ते आवरण न रंगवलेल्या ॲल्युमिनियमचे होते. ‘रुपेरी बाण’ हे शब्द आकाशवाणीवरील निवेदकाच्या तोंडून त्या दिवशीच बाहेर पडले. प्रेक्षकांनी मात्र त्या गाडीला दुसरेच नाव ठेवले होते: काकडी. निवेदक आणि जनता यांनी एकाच दिवशी दोन नावे दिली आणि इतिहासाने, नेहमीप्रमाणे, सरकारी निवेदकाचे नाव उचलले. जनमताचा मान राखला गेला असता, तर आज जर्मनीतील संग्रहालयात गंभीर चेहऱ्याचे लोक रुपेरी काकड्यांपुढे हात मागे बांधून उभे राहिलेले दिसले असते.

पुढे सांगलीस एका लग्नाला जाण्याचा योग आला, तेव्हा मी मिरजेला उतरून त्या गृहस्थांकडे गेलो. सतारी करणाऱ्यांच्या गल्लीला लागून त्यांचे घर आहे. ओसरीवर सतारीऐवजी एका जुन्या फियाट गाडीचे दार भिंतीला टेकवून ठेवलेले होते; अर्धे निळे, अर्धे उघड्या पत्र्याचे. हे दार त्यांनी भंगारवाल्याकडून घासाघीस करून आणले होते, आणि शेजारच्या कारागिराकडून पॉलिशपेपर व कानस उसनी घेऊन, खाली वर्तमानपत्र अंथरून, तीन दुपारी त्याचा रंग खरवडला होता. खरवड एका कागदी पुडीत जमा केली होती. पुडी सोडून त्यांनी मला ती दाखवली, तेव्हा अंगाऱ्याची पुडी उघडताना होतो तसा काहीसा गंभीर भाव त्यांच्या मुद्रेवर होता. त्यांच्या उजव्या हाताच्या अंगठ्याला फोड आलेला होता. वाण्याच्या तराजूत ती पुडी दोनशे ग्रॅमला थोडी कमी भरली होती.

“म्हणजे,” मी विजयी मुद्रेने म्हणालो, “अर्ध्या दाराचे एवढे, तर सबंध गाडीचा किलो सहज निघेल. नॉयबाउअर खोटे बोलत नाही.”

“निघू शकतो,” ते शांतपणे म्हणाले. “तेच मला पाहायचे होते. पण असे पाहा, माल येऊ शकतो एवढ्यावर मी नाक्यावर कधी जकात घेतली नाही. माल आला, काट्यावर चढला, पावती फाडली, तर घेतली. तुमच्या साहेबांकडे पावती कुठे आहे?”

वहिनींनी चहा आणून ठेवला आणि एवढेच म्हणाल्या, की भावजी दार बरोबर नेणार असतील तर रिक्षा बोलावते.

आता नॉयबाउअरची पावतीवाचूनची ही एकच उलाढाल असती, तर कोणी तिच्या मागे लागले नसते. परंतु त्याच बखरीत १९३३ सालच्या त्रिपोली शर्यतीची हकीकत आहे. या शर्यतीला इटलीत मोठी सोडत जोडलेली होती. तिकिटे काढणाऱ्यांपैकी मोजक्या भाग्यवंतांच्या नावे एकेक चालक लागे आणि तो जिंकला की तिकीटवाला कुबेर होई. वार्झी आणि नुवोलारी या दोन हाडवैरी इटालियन चालकांनी गुप्त तह करून विजय कोणाच्या पदरात टाकायचा हे आधीच ठरवले, आणि मग शेवटच्या फेरीत गाड्या रखडत, माना वळवून एकमेकांची वाट पाहत, कसे नाटक वठवले, याचे वर्णन नॉयबाउअरने असे केले आहे की वाचकाच्या नाकात धूळ जावी. वार्झी जिंकला तो डोळ्याचे पाते लवण्याइतक्या फरकाने, ही गोष्ट खरी. बक्षीस वाटून घेण्याचा काही करार झाला होता, असे त्या मंडळींत वावरणाऱ्या एका इटालियन पत्रकारानेही पुढे लिहिले आहे. परंतु रखडणाऱ्या गाड्यांचा तो डोळ्यांनी पाहिलेला देखावा मात्र नॉयबाउअरचा खास, आणि त्याला एक लहानशी बाधा येते. मर्सिडीजने त्या शर्यतीत भागच घेतलेला नव्हता.

नुवोलारीविषयी तर बखरी लिहिण्याची गरजच नाही. तो स्वतःच चालतीबोलती बखर होता. इटलीतल्या मिले मिलिया या लांब पल्ल्याच्या शर्यतीत १९३० साली त्याने रात्री दिवे मालवून अंधारात वार्झीला गाठले ही कथा घ्या, किंवा १९३५ च्या जुलैमध्ये न्यूरबुर्गरिंगवर जर्मनांच्या नऊ बलाढ्य गाड्यांना जुन्या अल्फा रोमिओने पाणी पाजले ते घ्या. पहिली कथा थोडी पहाटेकडे सरकवावी लागते, कारण दिवे मालवण्याच्या वेळी बहुधा उजाडायला लागले होते, असे चिकित्सक म्हणतात. दुसरी मात्र अक्षरशः खरी आहे, आणि ज्या ब्राउखिचचा रंग वर खरवडला, त्याचाच टायर शेवटच्या फेरीत फुटला तेव्हा नुवोलारी पुढे गेला, हीही. पण खऱ्या गोष्टीने बखरकाराचे पोट भरत नाही. म्हणून तिला एक शेपूट जोडतात: संयोजकांकडे इटलीच्या राष्ट्रगीताची तबकडीच नव्हती, आणि नुवोलारीने आपली स्वतःची काढून दिली. ज्यांच्या बालपणी घरात लाखेच्या तबकड्या होत्या, त्यांना एक गोष्ट माहीत असेल. ती तबकडी आत्याबाईंच्या मांडीखाली गेली तरी तिचे तुकडे होत. शर्यतीच्या मुलखातून हिंडणाऱ्या, दर चारदोन महिन्यांनी हाड मोडून घेणाऱ्या माणसाने आपल्या सामानात ती शाबूत बाळगली, एवढे मान्य केले, तर तो चालक म्हणून श्रेष्ठ होता हे सिद्ध करण्यास न्यूरबुर्गरिंगची आवश्यकता उरत नाही.

बखरकार एकवेळ परवडला, कारण तो निदान रंजन करतो. अधिकृत संस्था जेव्हा मागाहून इतिहास दुरुस्त करायला बसतात तेव्हा काय होते, ते पाहण्यासाठी फ्रान्सला जावे लागते. १८९५ साली पॅरिसहून बोर्दोला जाऊन परत येण्याची ११७८ किलोमीटरची शर्यत झाली. एमिल लेव्हासोर यांनी जवळजवळ सर्व वेळ स्वतःच गाडी हाकून ती ४८ तास ४८ मिनिटांत पुरी केली आणि दुसरा मनुष्य दृष्टिपथातही नव्हता. परंतु नियमात चार आसनांची गाडी असे लिहिलेले होते, लेव्हासोर यांची गाडी दोन आसनांची. तेव्हा पहिले बक्षीस कित्येक तास मागून आलेल्या कोक्लँ यांच्या चार आसनी प्यूजोला मिळाले. पुढे पॅरिसमध्ये लेव्हासोर यांचे स्मारक उभारण्यात आले. बक्षीस एकाला आणि स्मारक दुसऱ्याला, ही वाटणी इतकी न्याय्य आहे की शर्यत कोणी जिंकली या प्रश्नाला माझ्या कपाटातील पुस्तके दोन उत्तरे देतात, आणि दोन्ही बरोबर आहेत.

यापुढचा प्रकार अधिक मौजेचा. ‘ग्रां प्री’ या नावाची या घराण्यातली पहिली शर्यत १९०६ साली ल मान्स येथे झाली व फेरेन्स सिस यांनी ती रेनो गाडीतून जिंकली, हे सर्वमान्य आहे. परंतु फ्रान्सच्या मोटार संस्थेला काही वर्षांनी आपले घराणे पुरेसे जुने वाटेना. म्हणून तिने १८९५ पासूनच्या गावोगावच्या आठ शर्यतींना मागाहून ग्रां प्रीचा दर्जा बहाल केला, आणि बिचारी १९०६ ची पहिली शर्यत एका रात्रीत नववी झाली. आपल्याकडे संस्थानिकांना मुलगा नसला की दत्तक घेत. आजोबा दत्तक घेतल्याचे उदाहरण माझ्या वाचनात हेच. अमेरिकेत तर याहून पुढची मजल गेली आहे. तेथे विसाव्या शतकाच्या आरंभीच्या वर्षांचे राष्ट्रीय विजेते पुढे कित्येक वर्षांनी कागदावर गुण मांडून ठरवण्यात आले, म्हणजे जे अजिंक्यपद त्या वेळी अस्तित्वातच नव्हते ते लोकांनी न कळत जिंकले. आणि १९२० चा विजेता गॅस्टन शेवरोले की टॉमी मिल्टन, याचे उत्तर आपण कोणती यादी उघडतो यावर अवलंबून राहिले.

अमेरिकेवरून आठवले. १९११ साली इंडियानापोलिसची पहिली पाचशे मैलांची शर्यत रे हॅरून यांनी जिंकली, आणि इतरांसारखा मागे लक्ष ठेवणारा सहायक बरोबर न घेता त्यांनी गाडीवर आरसा लावला होता. मोटारीच्या आरशाचा उगम म्हणून हे वर्णन प्रत्येक पुस्तकात आढळते. हॅरून यांनी स्वतः मात्र पुढे सांगून टाकले, की विटांच्या त्या रस्त्यावर गाडी इतकी हादरत होती की त्या आरशात काहीएक दिसत नव्हते. मला हा मनुष्य फार आवडतो. इतिहासात अजरामर होण्याचे एक साधन त्याच्या हाती होते, आणि ते निरुपयोगी होते हे सांगण्याइतका तो निर्लोभ होता.

आता तोतयांविषयी लिहिणे भाग आहे. पानिपतानंतर भाऊसाहेबांचा तोतया निघाला, चौकशा झाल्या, तरी कोकणात काही काळ त्याने अंमलही बसवला, हे आपण जाणतोच. भाऊसाहेब एकच होते म्हणून तोतयाचा निकाल तरी लागू शकला. जुन्या शर्यतीच्या मोटारींचे तसे नाही. एक गाडी अपघातात मोडते; तिचा सांगाडा एकजण नेतो, इंजिन दुसरा नेतो; दोघेही उरलेली गाडी आपापल्या परीने नवी घडवतात; आणि चाळीस वर्षांनी दोन भाऊसाहेब एकाच क्रमांकाची पट्टी छातीवर लावून एकमेकांकडे पाहत उभे राहतात. त्यातून पट्टी हा पुरावा किती बळकट, तेही पाहा. परदेशी शर्यतीला जाताना सीमेवर जकातीचे कागद दाखवावे लागत. कागदावरचा क्रमांक असलेली गाडी नादुरुस्त असली, तर कारखान्यातील मंडळी तिची पट्टी उचकटून दुसरीवर ठोकीत आणि कागदाला शोभेल ती गाडी घेऊन निघत. संशोधकांना हैराण करणारी ही गोष्ट मी मिरजेच्या गृहस्थांना मोठ्या अपूर्वाईने सांगितली. त्यांना तीत अपूर्व असे काही वाटले नाही. “ट्रकवाले दुसरे काय करीत होते?” एवढेच ते म्हणाले.

हा वाद इंग्लंडात एकदा न्यायालयापर्यंत गेला. बेंटली कंपनीच्या ‘ओल्ड नंबर वन’ या गाडीने १९२९ आणि १९३० अशी लागोपाठ दोन वर्षे ल मान्सची चोवीस तासांची शर्यत जिंकली होती. पुढे तिचे इंजिन बदलले, सांगाडा बदलला. १९३२ साली ब्रुकलँड्स येथे तिचा भीषण अपघात होऊन चालक मृत्यू पावला. त्यानंतर तिला नवे अंग चढवण्यात आले. तिच्या विक्रीचा सौदा एक कोटी पौंडांना ठरला, आणि मग खरेदीदाराने हात आखडता घेतला. ही ती गाडीच नव्हे, असे त्याचे म्हणणे. १९९० साली न्यायमूर्तींपुढे हिशेब झाला तेव्हा १९२९ च्या गाडीतले ओळखू येण्याजोगे जवळपास काहीच उरलेले नाही, आणि १९३० च्या गाडीतली गिअरपेटीचे कवच, स्टिअरिंगचा खांब अशी चारदोन हाडे तेवढी असतील, असे दिसून आले. न्यायमूर्तींनी तरीही निकाल दिला, की गाडी खरी. कारण तिचे भाग बदलत गेले, पण गाडी म्हणून तिचे अस्तित्व मध्ये कोठेही खंडित झालेले नाही. हा निकाल मला मान्य आहे. आमच्या वाड्याचे छप्पर बदलले, मग माडी उतरवली, मग दर्शनी भिंत रस्तारुंदीत गेली, आणि तरी पत्र अद्याप त्याच पत्त्यावर येते.

तेव्हा विश्वास ठेवायचा तरी कोणावर? माझ्यापुरते मी एक माप ठरवले आहे. ज्या हकीकतीत सांगणाराच दर वेळी संकटातून मार्ग काढतो, ती मी आवडीने वाचतो आणि पेन्सिलने कडेला प्रश्नचिन्ह काढतो. ज्या हकीकतीत सांगणाऱ्याची फजिती आहे, तिथे पेन्सिल खाली ठेवतो. १९५५ च्या मे महिन्याच्या १ तारखेला स्टर्लिंग मॉस यांनी मिले मिलिया जिंकली, तेव्हा त्यांच्या शेजारी डेनिस जेंकिन्सन नावाचा दाढीवाला इंग्रज पत्रकार बसलेला होता. सुमारे हजार मैलांच्या रस्त्यावरील वळणे, चढ, धोके त्याने आधी हिंडून टिपले होते आणि सुमारे साडेपाच मीटर लांबीच्या कागदाची गुंडाळी करून ती खिडकी असलेल्या पेटीत बसवली होती. जन्मपत्रिकेसारखी ती उलगडत तो मॉसना हाताने खुणा करीत होता, कारण त्या गोंगाटात शब्द ऐकू जाणे अशक्य होते. गाडीवर ७२२ हा आकडा होता, कारण ती सकाळी ७ वाजून २२ मिनिटांनी सुटली. १० तास ७ मिनिटे ४८ सेकंदांनी ते परतले. लगेच पुढच्या महिन्याच्या ‘मोटर स्पोर्ट’ मासिकात जेंकिन्सनने सारी हकीकत लिहिली, आणि तीत त्याने हेही नमूद केले, की वाटेत त्याला उलटी झाली, त्यासाठी बाहेर वाकला असताना वाऱ्याने त्याचा चष्मा उडवून नेला, आणि दुसरी जोडी जवळ होती म्हणून निभावले. अशा महत्त्वाच्या दिवशी आपल्याला ओकारी झाली, हे कोणी महिन्याभरात स्वतःच्या नावाने छापील तर ते खरे असलेच पाहिजे. ही गाडी मर्सिडीजची, तिचा रंग रुपेरी, आणि त्या संघाचा व्यवस्थापक होता आल्फ्रेड नॉयबाउअर. एकाच संघात एक बखरकार होता आणि एक दफ्तरदार.

दिवाळी अंकातला तो लेख पुस्तकात घेताना मी कंदील काढला आहे, चुना ठेवला आहे, आणि त्याच्याखाली एक तळटीप दिली आहे. तिचा टाइप मुद्रकाने फार बारीक घेतला, त्याला माझा इलाज नाही. प्रस्तुत लेखातही कोठे सनावळीत वा मापात चूक आढळल्यास वाचकांनी कृपा करून पोस्टकार्ड टाकावे. मिरजेच्या वाचकांनी तसदी घेऊ नये. तेथील यादी मला आधीच पोहोचलेली आहे.